प्लेगनंतरची मुंबई : प्रकाश, हवा आणि भाडें

सन १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईंत प्लेग शिरला आणि त्यानंतरच्या एकदोन वर्षांत शहरांतील कित्येक घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ अशीं तीन अक्षरें रंगविलेलीं दिसूं लागलीं. ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. आरोग्यखात्याचा मनुष्य येई, घरांत डोकावे, अंधार व ओल पाही, आणि बाहेर येऊन हीं अक्षरें काढून पुढच्या दारीं जाई. हा निवाडा घरावर होता. त्या घरांत राहणारा मनुष्य तेथें कां राहत होता आणि उद्यां तो कोठें राहील, याविषयीं भिंतीवर कांहींच लिहिलेलें नसे. पुढील पन्नास वर्षांत मुंबईच्या कारभाऱ्यांनीं गरिबांच्या आरोग्यासंबंधीं जें जें केलें, त्याचें बीज या तीन अक्षरांत आहे असें मला वाटतें. तें सारें त्यांच्या दुष्टपणामुळें किंवा परकेपणामुळें घडलें, अशी जी आपली सोयीची समजूत आहे, ती मात्र एकदां तपासून पाहण्यासारखी आहे.

प्लेग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं. हे मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजांतून वैद्यकी शिकलेले आणि म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांतील रोग्यांना पाहून त्यांनीं निदान केलें. मांडवी म्हणजे बंदराला लागलेला भाग; तेथें धान्याच्या वखारी, वखारींत उंदीर, आणि वखारींच्या वर व आसपास माणसांची दाटी. आज आपणांस यांतील कार्यकारणभाव शाळकरी मुलाइतका ठाऊक आहे. परंतु त्या वेळीं उंदीर मरतात हें सर्वांना दिसत असूनही, उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग माणसापर्यंत पोंचविते हें कोणास माहीत नव्हतें. पॉल-लुई सिमोँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ मध्यें कराचीस तसा प्रयोग करून दाखविला, पण १९०५ नंतर प्लेग संशोधन मंडळानें मुंबईंतच त्याची खात्री पटवीपर्यंत तो बहुतेकांनीं बाजूलाच ठेवला होता. १८९७ च्या आरंभापर्यंत सुमारें चार लक्ष लोक घाटावर, कोंकणांत, गुजराथेंत पळून गेले होते. १८९१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्यें ती ७,७६,००६ भरली.

अशा वेळीं म्युनिसिपल कमिशनर स्नो व आरोग्याधिकारी डॉ. वीअर यांनीं काय केलें ? त्यांनीं गटारें धुतलीं. समुद्राचें पाणी आणि कार्बोलिक यांचे लोट गटारांतून सोडले, भिंतींना चुना फांसला, छपरांचीं कौलें काढून अंधाऱ्या खोल्यांत ऊन पाडलें. पुढें असेंही म्हटलें गेलें कीं, या धुलाईनें गटारांतले उंदीर उलट घरांत घुसले. तें असो. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यामागचा विचार. रोग जागेपासून उद्भवतो, ओल्या व मळक्या जमिनींत तो मुरतो, बंद हवेंत तो पोसतो, अशी ती उपपत्ति होती. १८९२ मध्यें तानशाचें पाणी शहरांत आलें, पण तें वाहून नेणारीं गटारें त्या मानानें झालीं नाहींत; त्यामुळें शहराची जमीन भिजून नासली, असें कित्येक जाणते लोक म्हणत. हा विचार मूर्खपणाचा नव्हता. प्लेग खरोखरच घराचा रोग ठरला; फक्त तो ओलीनें नव्हे, तर उंदरांनीं घराला जडला होता.

हा विचार आला कोठून हें पाहावयाचें तर १८४२ मध्यें एड्विन चॅडविक यांनीं इंग्लंडांतील श्रमजीवी वर्गाच्या आरोग्यस्थितीवर जो अहवाल लिहिला त्याकडे वळावें लागतें. मँचेस्टरांत प्रतिष्ठित व व्यावसायिक वर्गांतील मृतांचें सरासरी वय ३८, दुकानदारांचें २०, आणि मजुरांचें अवघें १७, असे आंकडे त्यांत आहेत. एकाच शहरांत, एकाच आकाशाखालीं, जन्मलेल्या माणसांत एवढें अंतर ! हे आंकडे वाचून आपण म्हणूं, दारिद्र्य मारतें. चॅडविकनें तसें म्हटलें नाहीं. त्यानें शेजारीं रटलंड या खेडवळ परगण्याचे आंकडे मांडले. तेथें मजुराचें सरासरी वय ३८ होतें, म्हणजे मँचेस्टरच्या शिष्टाइतकें. आणि रटलंडच्या मजुराला मजुरी तर मँचेस्टरपेक्षां पुष्कळच कमी. तेव्हां दोष मजुरीचा नव्हे, जागेचा. घाण काढा, नळ घाला, म्हणजे आयुष्य वाढेल. दावा मोठा हुशारीचा आहे. मात्र मृतांचें सरासरी वय हें माप फसवें असतें, कारण ज्या वस्तींत लहान मुलें फार तेथें तें आपोआप खालीं येतें. हा आक्षेप त्याच्या हयातींतच घेतला गेला होता. शिवाय १८३४ च्या गरिबांच्या कायद्याचा एक जनक चॅडविकच होता, हेंही विसरतां येत नाहीं. दारिद्र्य हेंच रोगाचें मूळ असें कबूल करणें त्याला कितपत परवडलें असतें? तथापि त्याच्या मार्गानें इंग्लंडांतील शहरें सुधारलीं, लक्षावधि मुलें वांचलीं, ही गोष्ट खोटी म्हणतां येणार नाहीं. मुंबईचे अधिकारी याच शाळेंत शिकलेले होते.

परंतु मुंबईंत एका गोष्टीनें त्यांना फार लौकर शहाणें केलें. १८९६ च्या ऑक्टोबरांत स्नोसाहेबांनीं रोग्यांना सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार आपल्या हातीं घेतला. शहरांत भय पसरलें. इस्पितळांत गेलेला परत येत नाहीं अशी वदंता झाली. २९ ऑक्टोबर रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें ऑर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. लगेच स्नो यांनीं सक्ती सैल केली. कारण काय ? त्यांना दंग्यापेक्षांही एका गोष्टीची धास्ती वाटत होती : हलालखोर आणि बिगारी, म्हणजे शहराचा मैला व केर उचलणारे लोक, पळून गेले तर काय होईल ? तो वर्ग गेला असता तर मुंबई चार दिवसांत राहण्यालायक उरली नसती. ज्या लोकांना शहरानें सर्वांत घाणेरड्या जागा दिल्या होत्या, त्यांच्याच हातावर शहराचें आरोग्य उभें होतें, हें त्या एका आठवड्यांत कमिशनरांच्या ध्यानांत आलें. हें ज्ञान धोरणांत मात्र फारसें उतरलें नाहीं. या लोकांसाठीं सैलसरपणा आला तो त्यांची गरज होती म्हणून. त्यांची घरें, त्यांचा पगार, त्यांचीं मुलें हा विषय निघाला नाहीं.

१८९७ च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला, आणि मार्चांत जनरल गॅटेकर यांची प्लेग कमिटी मुंबईंत आली. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, आगगाडीच्या स्टेशनांवरील तपासण्या या साऱ्यांची हकीगत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. पुण्याची तर अधिकच, आणि रँडचा खून कोणी विसरलेलें नाहीं. ती येथें पुन्हां सांगत नाहीं. एवढेंच नमूद करितों कीं, या जाचांतही पायऱ्या होत्या. पैसेवाल्यांना व संघटित जातींना आपापलीं स्वतंत्र इस्पितळें काढण्याची मुभा मिळाली आणि तीं निघालींही. ज्यांच्यामागें जातीचा पैसा नव्हता, त्यांच्या वांट्याला सरकारी छावणीच राहिली.

प्लेगचा खरा वारसा म्हणजे १८९८ च्या चौथ्या कायद्यानें स्थापन झालेला ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’. ग्लासगो शहरानें १८६६ मध्यें असा ट्रस्ट काढला होता, तो नमुना समोर होता. दाट वस्त्या मोकळ्या करणें, नवे रस्ते काढणें, पडीत व ओल्या जमिनी भरून वसविणें, आणि गरीब वर्गासाठीं आरोग्यकारक घरें बांधणें, हीं ट्रस्टचीं कामें ठरलीं. क्रम लक्षांत घ्यावा. रस्ते आधीं, घरें शेवटीं. नागपाड्याची वस्ती पाडण्यापासून आरंभ झाला. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते निघाले ते पश्चिमेचा समुद्रवारा शहराच्या कोंदट पोटांत खेळावा म्हणून. वाऱ्याला वाट करून देण्यासाठीं माणसांच्या वस्तींतून रस्ता कापावा, यांत त्या वेळच्या कोणास विपरीत वाटलें नाहीं. आज त्या रस्त्यांवर उभें राहून वारा किती लागतो तें वाचकांनीं स्वतःच पाहावें.

येथें एक बारीक गोष्ट आहे व तीवर थोडें थांबलें पाहिजे. ट्रस्ट घरें ताब्यांत घेई तेव्हां मालकाला भरपाई देई, आणि भरपाई ठरे ती घराच्या भाड्याच्या उत्पन्नावरून. आतां ज्या मालकानें एका खोलीचे दोन भाग करून दोन कुटुंबें घुसविलीं, माळ्यावर तिसरें चढविलें, त्याचें उत्पन्न अर्थातच अधिक. म्हणजे ज्या दाटीसाठीं घर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ ठरलें, त्याच दाटीबद्दल मालकास अधिक पैसा मिळावा, अशी ही व्यवस्था. भाडेकरूस काय मिळे ? बाहेर पडण्याची नोटीस. तो फार दूर जाऊं शकत नसे, कारण गिरणी किंवा गोदी जवळच असे व पायीं जाण्याखेरीज दुसरी सोय नव्हती. तो पलीकडच्या गल्लींत शिरे, तेथील दाटी वाढे, भाडें चढे, आणि कांहीं वर्षांनीं त्या गल्लीवरही तीं तीन अक्षरें उमटण्याची वेळ येई. पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टनें गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या तितक्याही बांधल्या नाहींत. आग्रीपाडा व इतरत्र चाळी झाल्या हें खरें, आणि त्या खरोखरच बऱ्या होत्या. परंतु त्यांत राहावयास आले ते बहुधा उठविलेले लोक नव्हेत, तर त्यांच्याहून दोन पैसे अधिक मिळविणारे. एंगल्सनें १८७२ मध्यें घरांच्या प्रश्नावर लिहितांना युरोपांतील अशाच पाडापाडीविषयीं हेंच म्हटलें होतें. पण ट्रस्टच्या कचेरींत एंगल्स वाचला जात असेल असें वाटत नाहीं.

ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांजविषयीं मात्र मला आदर आहे. त्यांनीं १९१२ च्या सुमारास मुंबईंतील घरांच्या प्रकाश व हवा या विषयावर व्याख्यान दिलें आणि ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ लोकांपुढें मांडला. नियम भूमितीचा आहे व सोपा आहे. प्रत्येक राहत्या खोलीच्या एका बाहेरच्या बाजूस एवढी मोकळी जागा असावी कीं, त्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनानें वर काढलेली रेषा समोरच्या इमारतीस अडूं नये. म्हणजेच समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्म्यानें तरी अंतर मोकळें पाहिजे. चाळीस फुटांची इमारत, वीस फुटांचें अंतर. हा मनुष्य प्रामाणिक होता. गरिबाच्या खोलींत सूर्य गेला पाहिजे असें त्याला मनापासून वाटे, आणि तें त्यानें मोजतां येईल अशा रीतीनें सांगितलें. पण कोन मोजतां येतो तसें भाडेंही मोजतां येतें, आणि तें मोजण्याचें काम कायद्यानें त्याच्याकडे दिलेलें नव्हतें. ट्रस्टला कर्जरोख्यांवरील व्याज भागवावयाचें होतें. मोकळी जागा सोडली कीं जमीन कमी पडे, जमीन कमी पडली कीं खोलीचें भाडें वाढे. जितका प्रकाश, तितकें भाडें.

हा नियम खऱ्या अर्थानें फळाला आला तो दादर, माटुंगा, शीव येथें. रुंद रस्ते, झाडें, दोन इमारतींत हवा. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी. या मासिकाच्या वाचकांपैकीं कित्येकांचें बालपण त्या गच्च्यांवर व त्या झाडांखालीं गेलें असेल. आपण त्या वस्त्यांचा अभिमान बाळगतों व तो योग्यही आहे. फक्त एवढें ध्यानांत असूं द्यावें कीं, त्यांचा जन्म ज्या कायद्यांतून झाला तो मांडवी-नागपाड्याच्या मृतांच्या नांवानें झालेला होता. प्लेगनें मारलें गरिबांना. मोकळी हवा मिळाली ती मध्यम वर्गाला.

आतां १९२१ सालाकडे येतों. त्या वर्षीं म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्यानें बालमृत्यूंची वर्गवारी घरांतील खोल्यांवरून केली. एक खोली किंवा त्याहून कमी जागेंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागें ८२८ मुलें वर्षाच्या आंत दगावलीं. दोन खोल्यांच्या घरांत ३२१. तीन खोल्यांत १९१. चार किंवा अधिक खोल्यांत १३३. शहराच्या सुमारें दोनतृतीयांश लोकांचा संसार त्या वेळीं एकेका खोलींत होता. हे आंकडे पहिल्यांदां माझ्या वाचनांत आले तेव्हां छपाईची चूक असावी असें मला वाटलें होतें. चूक नव्हती, पण आंकडा सरळही नव्हता. कामगारांच्या बायका बाळंतपणास गांवीं जात. जन्माची नोंद गांवीं होई, अथवा होतच नसे. मूल घेऊन आई मुंबईस परते आणि मूल दगावलें तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईस होई. भागिले जन्म कमी, भाज्य मृत्यू पुरे. म्हणून प्रमाण फुगे. ही सूचना त्या काळच्या अधिकाऱ्यांनींच दिली होती व ती खरी आहे. परंतु एवढी वजावट करूनही एका खोलीच्या व चार खोल्यांच्या घरांतील दरी कांहीं बुजत नाहीं. आणि कौन्सिलांत व सभांतून ती वजावट अशा थाटानें सांगितली जाई कीं, जणूं आंकड्याबरोबर मुलेंही वजा झालीं.

या आंकड्यांचा अर्थ काय लावावयाचा ? ट्रस्टच्या दृष्टीनें खोली हें हवेचें माप. म्हणजे दुसरी खोली दिली कीं मूल वांचेल. पण खोल्यांची संख्या हें खरें पाहतां पगाराचें माप आहे. ज्याला एकच खोली परवडते त्याच्या बायकोला गिरणींत जावें लागतें, बाळंत झाल्यावर लौकरच जावें लागतें, मुलाला अंगावरचें दूध मिळत नाहीं, आणि तें दिवसभर रडूं नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाते. गिरणगांवांत ही चाल सर्रास होती. या मुलाला मारणारी वस्तु साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेवर सांपडणार नाहीं. हें ज्यांनीं ओळखलें ते लोक आरोग्यखात्याबाहेरचे होते. मुंबई कायदेकौन्सिलांत १९२८ मध्यें प्रसूतीच्या रजेचें बिल आलें तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. मातेला या काळांत विसांवा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे व त्याचा भार सरकारनेंही उचलला पाहिजे, असा त्यांचा आशय होता. १९२९ मध्यें तो कायदा झाला. माझ्या मतें मुंबईच्या अर्भकांसाठीं त्या काळांत केलेल्या शहाणपणाच्या गोष्टींत ही अग्रभागीं ठेवण्यासारखी आहे, आणि तींत एकही रस्ता रुंद करावा लागला नाहीं.

मधल्या काळांत गव्हर्नर लॉइड यांनीं १९२० मध्यें डेव्हलपमेंट खातें काढलें आणि कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया जकात बसवून कामगारांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत जाहीर केला. झाल्या सुमारें साडेसोळा हजार. वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील त्या २०७ बी. डी. डी. चाळी. लहानपणीं नायगांवच्या एका चाळींत आमच्या नात्यांतलें बिऱ्हाड होतें. तेथील सुमारें एकशेंसाठ चौरस फुटांच्या खोलींत आम्ही मे महिन्यांत नऊ माणसें निजत असूं, आणि सकाळीं मजल्यावरच्या सामाईक संडासापुढें रांग लावीत असूं. मला ती मौज वाटे. माझ्या मावशीला काय वाटे, हें विचारण्याचें वय नव्हतें. आरंभीं या चाळींना खिडक्यांऐवजीं काँक्रीटच्या आडव्या झडपा होत्या. पावसाचें पाणी आंत येई आणि उजेड मात्र येत नसे. भाडें सरकारनें पदरचें घालून उतरविलें, तरी कामगारांना तें जड जाई, आणि १९२० नंतरच्या दशकांत, घरांसाठीं हाहाकार चाललेल्या शहरांत, या खोल्या मोठ्या संख्येनें रिकाम्या पडून राहिल्या. पॅट्रिक गेडिस त्या वेळीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. वस्ती सरसकट न पाडतां तींतील एखाददुसरें घर काढून, विहीर व चौक राखून, जपून शस्त्रक्रिया करावी असें ते सांगत. त्यांचें कौतुक पुष्कळ झालें. ऐकलें कोणींच नाहीं.

असें कां व्हावें ? निर्णय घेणारे कोण होते हें पाहिलें म्हणजे थोडा उलगडा होतो. १८८८ च्या कायद्याप्रमाणें कॉर्पोरेशनचा मताधिकार मुख्यतः कर भरणाऱ्यांपुरता होता, आणि सभासदांत घरमालकांचा भरणा मोठा. १९२२ मध्यें दरमहा दहा रुपये भाडें देणाऱ्यांस मत मिळालें. पण गिरणीकामगारांच्या बहुतेक खोल्यांचें भाडें दहा रुपयांहून कमीच होतें. सरकारी अधिकारी घरमालकांना लोभी म्हणत, घरमालक सरकारला उधळें म्हणत, आणि दोघांचेंही खरें होतें. ज्याच्या मुलाचा हिशेब चालला होता तो सभागृहांत नव्हता. भाड्यावर कायद्याचा हात पडला तो १९१८ मध्यें, आणि तोही महायुद्धामुळें. ट्रस्ट स्वतः १९३३ मध्यें कॉर्पोरेशनमध्यें विलीन झाला.

२०२० मध्यें कोरोनाची साथ आली तेव्हां १८९७ चाच साथरोगांचा कायदा पुन्हां काढण्यांत आला. त्या वर्षींच्या जुलै महिन्यांत मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टींतील सुमारें ५७ टक्के लोकांना रोगाचा संसर्ग होऊन गेलेला आढळला, आणि त्याच विभागांतील इतर वस्तींत सुमारें १६ टक्के लोकांना. वर्तमानपत्रांत कारण आलें : दाटी. १८९७ च्या अहवालांतला शब्दही याहून फार निराळा नव्हता.

ऑर यांच्या नियमाचें पुढें काय झालें, तेंही सांगितलें पाहिजे. या शतकाच्या आरंभीं रस्ते व रेल्वे यांच्या कामांसाठीं उठविलेल्या झोपडीवाल्यांकरितां गोवंडी-मानखुर्द भागांत लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहती उभारण्यांत आल्या. या वेळीं उठविलेल्या माणसाला घर मिळालें, तेंही पक्कें. इतकी प्रगति खचित झाली. इमारती सातआठ मजली आहेत. साडेत्रेसष्ट अंशांच्या हिशेबानें त्यांच्यामध्यें दहाअकरा मीटर अंतर हवें होतें. कांहीं ठिकाणीं तें तीन मीटर आहे. तेथील क्षयरोगाचा शास्त्रीय अभ्यास झाला, त्यांत जेथें ऊन व वारा पोंचत नाहीं अशा खालच्या मजल्यांवर रोगी अधिक आढळले.